दाताच्या खुर्चीचं लग्न

बिझविक कालुवा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फालेसीचा नवरा. आमच्यात लग्न झालं की मुलगा बायकोच्या गावी नांदायला येतो. तसा तोही एक बॅग, एक काळा कोट आणि भलंमोठं तोंड घेऊन आमच्या नामसेकात आला. बॅग उंदरांनी खाल्ली. कोट मी इतक्या वेळा उसवून शिवला की त्यात मूळ कापड किती आणि माझा दोरा किती, हे आता देवालाच ठाऊक. तोंडावर मात्र बहिणीचं घर चालत होतं.

तो लग्नांत माइक धरायचा. आम्हां मलावीच्या लोकांचं लग्न चर्चमध्ये लागतं खरं, पण होतं ते मैदानात. नवरा-नवरी एकेक पाऊल टाकत नाचत मधोमध येतात, माइकवाला ओरडतो, “पेरेकानी, पेरेकानी!” म्हणजे द्या हो, द्या! मग पाहुणे नाचत येऊन जोडप्यावर क्वाचाच्या नोटा उधळतात आणि एकसारखं कापड नेसलेल्या बायका त्या टोपल्यांत गोळा करतात. आता नुसतं द्या म्हटल्यावर कोण देतो? बिझविक आधी नवरीकडच्यांना नाचवायचा, मग नवऱ्याकडच्यांकडे वळून म्हणायचा, “समोरच्यांची टोपली भरली की हो! तुमच्याकडे काय, शेळ्यांना ताप आलाय?” तेवढ्यानेही कुणी हललं नाही, तर एकेक गट उठवायचा. “आता फक्त शिक्षक! आता फक्त लिलोंग्वेहून आलेले! आता फक्त तेच, ज्यांनी आज सकाळी आंघोळ केली!” या शेवटच्या हाकेला बसून राहायची कुणाची हिंमत नव्हती. आमचे कंजूस काका एकदा काठी टाकून धावले होते.

बिझविकला स्वतःचं फार कौतुक. त्याच्याकडे ब्रश तीन होते. एक बुटांचा, एक कोटाचा, एक हॅटचा. दातांचा मात्र नव्हता. त्यात माइकवाल्याचा मान म्हणून एक गोड सोड्याची बाटली नवरीकडून येते, एक नवऱ्याकडून, वर केकचा तुकडा. गोड नको म्हणायचं नाही, जोडप्याला अपशकुन होतो. दर शनिवारी सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत हा माणूस साखरेच्या पाण्याने चुळा भरायचा, आणि रविवारी माझ्या शिलाई मशीनपाशी बसून सांगायचा, “मलिता, आज पण मी कुणाचं मन मोडलं नाही.”

एका थंडीत तो गालाला रुमाल लावून हिंडू लागला. रुमाल पांढरा, इस्त्रीचा. बाजारातल्या पोरांना वाटलं ही नवीन फॅशन आहे. आठवड्याभरात मासे विकणारे, सायकल टॅक्सीवाले, सगळे गालाला रुमाल लावून उभे. खरं काय ते फालेसीला आधी कळलं, कारण नवऱ्याने भाजलेल्या कणसाला नाही म्हटलं.

“नवसाचा नवरा माझा,” ती मला म्हणाली, “एन्सिमाचा मऊ गोळासुद्धा एका बाजूने गिळतोय. विचारलं तर म्हणतो, आवाजाला विश्रांती देतोय. रात्री कण्हतो ती कसली विश्रांती ग?”

मी त्याला मशीनपुढे बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. समोरच्या वरच्या दोन दातांच्या मधोमध काळं पडलं होतं.

“अलामू,” मी म्हटलं. मेहुण्याला आम्ही असंच हाक मारतो, आणि मेहुण्याची थट्टा करणं हे मेहुणीचं कामच असतं. “तोंडात उंदीर पाळलेत का? बॅग खाऊन झाली वाटतं त्यांची.”

तो हसला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आमच्या आरोग्य केंद्रात मंगळवारी एलुबे बाई दात बघतात. बघतात म्हणजे काढतात. जिल्ह्याहून त्यांना भुलीचं इंजेक्शन येतं आणि पक्कड येते, बाकी काही येत नाही. दाताची खुर्ची आहे, कुठल्याशा मिशनने फार पूर्वी दिलेली, पण तिची पाठ मोडलेली. म्हणून रोग्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून डोकं भिंतीला टेकवतात. त्या भिंतीवर सगळ्या गावाच्या डोक्याच्या तेलाचा एक डाग आहे.

बाईंनी बिझविकच्या तोंडात टॉर्च मारला. “कीड अजून वरवर आहे. कोरून सिमेंट भरलं तर दोन्ही दात म्हातारपणापर्यंत टिकतील.”

“मग भरा की!”

“कशाने? नखाने कोरू? यंत्र नाही, सिमेंट नाही. थांबलात तर कीड मुळापर्यंत जाईल. मग माझ्याकडे पक्कड आहेच.”

बिझविक बाहेर आला तो थेट माझ्या मशीनपाशी. दात गेले तर काय होईल हे त्याला कुणी सांगायला नको होतं. “मलिता, पांढरेशुभ्र दात दाखवत माणूस ‘द्या’ म्हणाला की लग्न वाटतं. बोळक्या तोंडाने म्हणाला की भीक मागतोय असं वाटतं. मला कोण बोलावणार ग?”

एलुबे बाईंनी मुखियांना सांगून यंत्राच्या पैशांसाठी आंब्याच्या झाडाखाली गावाची बैठक बोलावली. आमचे मुखिया कामवेन्डो. त्यांच्या तोंडात एकही दात नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान.

“बाई, माझ्याकडे बघा,” ते म्हणाले. “सगळे काढून टाकले. तेव्हापासून दाढदुखी म्हणून माहीत नाही. याच्याहून स्वस्त इलाज कुठला? आणि काढायला तर फुकट आहे.”

“काढायला फुकट आहे, म्फूमू. नसल्याचे पैसे पडतात.” मुखियांपुढे असं बोलणारी आमच्याकडे एवढी एकच. “मंगळवारी माझ्या दारात जी रांग लागते ना, त्यातला एकेक जण आधी आठवडाभर कामाला गेलेला नसतो. कोळी जाळं टाकत नाही, बाई बाजारात बसत नाही. मग सायकलवाल्याला भाडं देऊन इथे यायचं. दात जातो, शेजारचा वाकडा होतो, पुढच्या वर्षी तो घेऊन परत रांगेत. हे कुणी हिशेबात धरतच नाही, म्हणून फुकट वाटतं. भोक बारीक असताना बुजवलं तर एवढं सगळं वाचेल, आणि यंत्र एकदाच घ्यायचंय.”

“सरकारला सांगा.”

“सांगितलं. म्हणाले, दातांचा नंबर यायचाय.”

“मग ते परदेशी मदतवाले?”

“ते विहीर खणतात आणि विहिरीशेजारी उभं राहून फोटो काढतात. तोंडाच्या आत उभं राहून फोटो काढता येतो का कुणाला?”

लोक खूप हसले, टाळ्याही वाजवल्या. टोपली फिरवली तेव्हा मात्र तिच्यात एक कोंबडी आली, तीही पाय बांधलेले होते म्हणून थांबली.

संध्याकाळी बिझविक रुमाल लावून माझ्याकडे बसला होता. मला राग आला होता, कुणाचा ते नीट कळत नव्हतं, म्हणून त्याच्यावरच काढला. “अलामू, परक्यांच्या पोरींसाठी दगडातून पैसे काढता. स्वतःच्या तोंडासाठी काढा की!”

“स्वतःसाठी पेरेकानी करत नाहीत. नवरीसाठी करतात.”

“मग आणा एक नवरी!”

त्याचा रुमाल हळूच गालावरून खाली आला. म्हणाला, “ती मोडक्या पाठीची खुर्ची अजून केंद्राच्या कोठीत आहे का?”

झालं. पुढच्या शनिवारी खुर्चीचं लग्न ठरलं. मी उरल्यासुरल्या साटिनचा झगा शिवला. पाठ मोडलेली असल्यामुळे मापं घेताना नवरी सारखी आडवी पडत होती. डोक्यावरची जाळी म्हणून मच्छरदाणी लावली, तेव्हा एलुबे बाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं, “उद्या सकाळी ही खाटेवर परत दिसली पाहिजे!” केंद्राकडचं अर्धं गाव नवरीचं झालं आणि बाजाराकडचं अर्धं नवऱ्याचं. दोन पक्ष समोरासमोर असल्याशिवाय कुणाचा हात खिशात जात नाही, हे बिझविकला पक्कं ठाऊक.

नवरा कोण, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मुखियांना फक्त निरोप होता की कार्यक्रमाला मुख्य पाहुणे म्हणून या. ते सूट घालून आले, मोठ्या खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या फालेसीने त्यांच्या कोटाला फूल टोचलं.

“आणि हा आला नवरदेव!” बिझविकने माइकमध्ये आरोळी ठोकली.

गाणं सुरू झालं, बायकांनी जीभ हलवून लुलुलु केलं. नवऱ्याने अशा वेळी बसून राहणं म्हणजे नवरीच्या अख्ख्या घराचा अपमान. मुखिया डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. शेवटी उठले, आणि एकदा उठल्यावर काय नाचले! टोपली धरून सगळ्यांत मोठ्याने हसत होती ती त्यांची बायको. “चला,” ती म्हणाली, “सवत मिळाली, पण बडबडी तरी नाही!”

बिझविकचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “आता फक्त ते, ज्यांचा एक तरी दात एलुबे बाईंनी काढलाय!” सगळं मैदान उठलं. “आता ज्यांचे सगळे शाबूत आहेत ते! खोटं बोललात तर तोंड उघडून बघेन!” पोरंसोरं धावली. “नवऱ्याकडचे, समोर बघा, त्यांची दुसरी टोपली चालू झाली. तुमच्या शेळ्या अजून आजारीच?” आणि मधेमधे बाटली येतच होती, एक इकडून, एक तिकडून. तो प्रत्येकाची पीत होता.

संध्याकाळी टोपल्या एका चटईवर रित्या केल्या आणि एलुबे बाई तोंडावर हात ठेवून बघतच राहिल्या. यंत्र येईल, सिमेंट येईल, खुर्चीची पाठही नीट होईल एवढे पैसे. तेवढ्यात मुखिया पुढे झाले, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, “पेरेकानीचा पैसा कुणाचा असतो?”

पेरेकानीचा पैसा नवरा-नवरीचा असतो. हे मोडलं तर आमच्याकडे उद्यापासून कुणी नोट उधळणार नाही.

“नवरीला बोलता येत नाही,” मुखिया म्हणाले. “तेव्हा तिचंही मीच बघेन. बाजारातल्या छपराचं काम फार दिवस राहिलंय.”

हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बिझविकच्याही नाही. ज्याला नवरा केलं त्यानेच थैली उचलावी, आणि त्याला चूक म्हणायची सोय नाही! मी मनातल्या मनात बिझविकला शिव्या घालत होते.

बिझविकने माइक बंद केला. तो येऊन मुखियांपुढे रीतीने गुडघ्यावर बसला. “म्फूमू, तुम्ही बोललात ते अगदी खरं. पैसा जोडप्याचा. पण जोडपं राहणार कुठे? मी या गावात घरजावई आहे. आल्या दिवसापासून बायकोच्या शेतात कुदळ मारतोय. मी कमावलेली कोंबडीसुद्धा तिच्या आईच्या अंगणात दाणे टिपते. आपली रीतच ती. मुखियांना नांदायला जावं लागत नाही हे ठाऊक आहे मला, पण ते बाईशी लग्न केलं तर. खुर्चीशी केलं तर सूट मिळते, असं कुठे कुणी सांगितलंय का?”

आमच्या म्हाताऱ्या बायका माना डोलावू लागल्या. नवरीचं माहेर आरोग्य केंद्र, तेव्हा पैसा राहणार केंद्रात, आणि नवऱ्याने तिथे नांदायला जायचं. मुखियांच्या बायकोने तर लगेच घरून त्यांचं स्टूल आणवलं. “जा बाई सुखाने,” म्हणाली. मुखियांनी आधी ओठ दाबून धरले. मग त्यांचा तो बिनदातांचा जबडा उघडला आणि ते असे हसले की आम्हालाही आवरेना. दुसऱ्या दिवसापासून ते खरोखरच रोज सकाळी केंद्राच्या व्हरांड्यात स्टूल टाकून बसू लागले, पैशांवर आणि एलुबे बाईंवर लक्ष ठेवायला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बिझविकचा वरचा ओठ नाकाला लागला होता. आणखी एका दिवसात एक डोळा मिटला. एलुबे बाईंनी बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. “मुळाशी पू झालाय. यंत्र यायला पाऊस उलटेल. तोवर थांबता येणार नाही.” मग म्हणाल्या, “लिलोंग्वेत एक खासगी डॉक्टर आहेत. ते मुळापासून साफ करून दोन्ही दात वाचवतील. फी मात्र फार आहे. त्या टोपलीतून दिली तर यंत्र आणखी एक वर्ष पुढे जाईल.”

स्टुलावर बसलेले मुखिया लगेच म्हणाले, “मग द्या! त्यानेच गोळा केलेत. मी नवरा आहे, मी सांगतो, द्या.” त्यांनी ते मनापासून म्हटलं, हे मी त्यांच्याबद्दल कधी विसरणार नाही.

“घ्या, अलामू,” मी म्हटलं. “कुणी एक शब्द बोलणार नाही. बोललं तर मी आहे.” फालेसी नवऱ्याकडे बघत होती.

बिझविकला धड बोलता येत नव्हतं. “नवरीच्या टोपलीत माइकवाल्याने हात घातला,” तो म्हणाला, “की त्यानंतर कुठल्याही माइकवाल्याने द्या म्हटलं तरी लोक खिसा दाबून बसतील. माझं तोंड राहील हो. धंदा जाईल, माझा आणि सगळ्यांचा.” मग प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसला, डोकं भिंतीच्या त्या डागाला टेकवलं, आणि फालेसीचा हात धरला. दोन्ही दात फुकटात निघाले.

त्याची भीती खोटी नव्हती. दोन लग्नांची बोलणी झालेली होती, ती मोडली. कुणी वाईट बोललं नाही. म्हणाले, तुम्ही आता आराम करा. त्याच्या जागी लायटन आला, रस्त्यापलीकडच्या गावचा तरुण पोरगा. दात बर्फासारखे, कोट भाड्याचा, आणि हाकासुद्धा बिझविकच्याच उचललेल्या. बिझविक लग्नाला जायचा तो पाहुण्यांत बसायचा. “आंघोळ केलेले” म्हटल्यावर तोही उठायचा, ओठ मिटून नाचायचा. फालेसी बाजारात मांडाझी, म्हणजे गोड वडे, तळून विकू लागली. मी त्याची थट्टा चालूच ठेवली, कारण थांबले असते तर त्याला कळलं असतं की मला काय वाटतंय.

पाऊस संपला, मका घरात आला आणि यंत्र आलं. बॅटरीवर चालणारं, मधमाशीसारखं गुणगुणणारं. खुर्चीची पाठ सुताराने नीट केली. पहिला मान नवऱ्याचा, म्हणून मुखिया सूट घालून बसले. एलुबे बाई म्हणाल्या, “म्फूमू, तुमच्या तोंडात भरायला काही नाही.” मुखिया म्हणाले, “माहीत आहे. तरी एकदा नीट बघा.” बाईंनी टॉर्च मारून कोपरान् कोपरा बघितला. आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

मंगळवारची रांग आता बिझविक लावायचा. शनिवार रिकामे झाल्यापासून त्याने ते अंगावर घेतलं होतं. आत टॉर्चही तोच धरायचा. मी माझी दाढ घेऊन रांगेत होते, पुढे फक्त एकजण, गालाला रुमाल लावलेला. रुमाल काढला तेव्हा दिसलं, लायटन.

तो बिझविकला बघून मागे वळला.

“बस रे,” बिझविक म्हणाला. “लाजतोस काय? सोडा कुठल्या दातांनी पितोस ते बाहेरूनच दिसतंय.”

समोरचेच दोन दात होते. बाईंनी कोरलं, सिमेंट भरलं, घासलं, आणि त्याच्या हातात आरसा दिला. पोरगा आरशात बघून खुशीत एकदम मोठ्याने म्हणाला, “पेरेकानी!” मग त्याला टॉर्च कुणाच्या हातात आहे ते आठवलं आणि त्याने तोंड मिटलं.

“उघड, उघड. बघू दे,” बिझविक म्हणाला. तो वाकून बराच वेळ बघत होता. “बाई, माझेही असेच झाले असते?”

एलुबे बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, “हो. पहिल्यांदा आलात तेव्हा तुमचे याच्याहून बरे होते.”

मी दाराशी उभी होते. डोळे पुसायला मी लायटनचाच रुमाल उचलला.

बिझविकने टॉर्च विझवला. लायटनच्या खांद्यावर हात ठेवला. “शनिवारी बाटली देतील, नाही म्हणू नकोस, लोकांना वाईट वाटतं. ओठाला लावायची आणि मागच्या बाईकडे सरकवायची. वर पाणी प्यायचं. मला हे सांगणारं कुणी नव्हतं.” मग तो व्हरांड्यात गेला आणि पुढचा कोण म्हणून ओरडला, आणि बाजारातल्या बायकांपर्यंत सगळ्यांनी वळून बघितलं.